डब्यात कोणी "चल सांग" म्हणालं की काय सांगायचं

नोकरी लागून किंवा लग्न होऊन मुंबईत आलेल्या मुलींना लोकल गाडी कशी पकडायची, कुठला पूल रिकामा असतो, चौथ्या सीटवर कसं टेकायचं हे सगळं कोणी ना कोणी सांगतंच. पण ठरलेल्या गाडीत, ठरलेल्या डब्यात, ठरलेल्या बायकांच्या मध्ये पहिल्यांदा बसल्यावर कोणीतरी अचानक तुमच्याकडे बघून "तू सांग गं, आंघोळ आधी की चहा आधी?" असं विचारलं की काय करायचं, हे मात्र कोणी सांगत नाही. नवीन मुलगी बिचारी लाजून "काहीही चालतं" म्हणते, विषय तिथेच संपतो, आणि मग पुढचे काही दिवस तिला कोणी काही विचारत नाही कारण सगळ्यांना वाटतं हिला आवडत नाही बोललेलं. हे होऊ नये म्हणून हा लेख.

मी डोंबिवली ते सीएसएमटी करते, लेडीज सेकंड क्लास, त्यामुळे उदाहरणं सेंट्रलची येणार, वेस्टर्न आणि हार्बरवाल्यांनी स्टेशनांची नावं आपापली घालून घ्या. पुरुषांच्या डब्यातही हेच चालतं, तिथे जोडीला भजन किंवा पत्ते असतात एवढंच.

पहिलं काम, प्रश्न कुठला आहे ते ओळखायचं

डब्यात दोन जातीचे प्रश्न असतात. "कुठे?" असं कोणी हनुवटी वर करून विचारलं तर ती गप्पा मारत नाहीये, तिला तुमची सीट हवी आहे. तिथे एका शब्दात उत्तर, "घाटकोपर", आणि खरं उत्तर, कारण त्या एका शब्दावर ती पुढची पाऊण तास उभी राहायचं की पलीकडच्या रांगेत जाऊन विचारायचं हे ठरवते. घाटकोपर म्हणून दादरला उतरलात तर ती विसरणार नाही, पुढच्या महिन्यातही विसरणार नाही. "सीट कोणाला सांगितली?" हा पण असाच, इथे गंमत बिलकुल नको.

आणि दुसरे ते ज्यांच्या उत्तराने कोणाचंच काही अडत नाही. पोह्यात बटाटा घालता का. पाऊस आवडतो की नुसता खिडकीतून आवडतो. उद्यापासून एकच भाजी आयुष्यभर खायची तर कुठली. हे प्रश्न माहितीसाठी नसतातच, तुमच्या घरच्या पोह्यात काय असतं यावर कोणाचं काय अवलंबून आहे, पण ते विचारलंय म्हणजे तुम्हाला गप्पांत ओढून घेतलंय, जागा करून दिलीय. एकदा हे कळलं की उत्तर बरोबर की चूक ही धास्ती जाते.

"गाव कुठलं?" हा दोन्हींच्या मधला. मुंबईत हा प्रश्न सगळ्यांना येतो, जन्म परळला झालेला असला तरी येतो. त्याला "मी मुंबईचीच" एवढंच उत्तर दिलं तर समोरची पुढे काय बोलणार? आजोळ सांगा, तालुका सांगा, आणि एक काहीतरी बारीक जोडा. आमच्याकडे एक जण राजापूरची आहे, तिथल्या कुंडांत मधूनच कधीतरी आपोआप पाणी येतं त्याला गंगा आली म्हणतात, ती राजापूर म्हणून थांबली नाही, पुढे "आमच्याकडे गंगा येते ना, ती, नेमकी येते तेव्हा मला रजा मिळत नाही" असं म्हणाली, की लगेच दोघी वळल्या, गंगा म्हणजे काय, कधी येते, किती दिवस राहते, कुंडं किती, आणि विक्रोळी येईपर्यंत ती सगळ्यांना माहितीची झाली.

दुसरं, बाजू घ्या

बहुतेक प्रश्न हे की ते या धाटणीचे असतात, वडापाव कुठला, सचिन की सुनील, हापूस कापून की चोखून. नवीन माणसाची सगळ्यात मोठी अडचण इथे होते, कोणाला वाईट वाटू नये म्हणून ती म्हणते दोन्ही छान असतं. अहो दोन्ही छान असतं हे सगळ्यांनाच माहितीये. इथे बाजू घेणं हीच खरी सभ्यता आहे, कारण तुम्ही एक बाजू घेतली की समोरच्या बाजूच्यांना बोलायला मिळतं.

वडापावचं बघा. वडापाव सुरू झाला दादर स्टेशनच्या बाहेर, १९६६ च्या सुमाराला, अशोक वैद्य यांच्या गाडीवर, असं मानतात, आणि हे आमच्या डब्यात सगळ्यांना पाठ आहे. त्यामुळे वडापाव कुठला असं विचारल्यावर तुम्ही हा इतिहास सांगायला लागलात तर माना डोलतील आणि संपलं. त्याऐवजी "मला ठाण्याच्या गजाननचा, त्या पिवळ्या चटणीसाठी, वडा नसला तरी चालेल" म्हणा. झालं! कीर्ती कॉलेजवाल्या उठतील, चुरा काय असतो ते तुला माहितीच नाही म्हणतील, सीएसएमटीवाल्या स्टेशनसमोरच्या 'आराम' हॉटेलचं नाव काढतील, एक जण म्हणेल की आमच्या बिल्डिंगखालच्या गाडीवरचा सगळ्यांपेक्षा भारी आणि तिला त्या गाडीचं नावसुद्धा सांगता येणार नाही कारण त्या गाडीला नावच नाही. आता दादर, १९६६ हे सगळं काढा, आता ते कामाला येतं, कारण वाद ऐन रंगात असताना कोणीतरी "पण मूळ तर दादरचाच ना" म्हणावं लागतं.

सचिन की सुनील यातही तेच. नुसतं सचिन म्हणू नका, कारण जोडा. आणि कारण शक्यतो डब्याच्या जवळचं असावं. १९८८ च्या फेब्रुवारीत शाळेच्या मॅचमध्ये सचिन आणि विनोद कांबळीने ६६४ ची नाबाद पार्टनरशिप केली ती आझाद मैदानात, म्हणजे आपण सीएसएमटीला उतरून ज्या मैदानाच्या कडेने ऑफिसला जातो तिथे. हे सांगितलं की क्रिकेट न बघणाऱ्या बायकासुद्धा म्हणतात, हो का, तिथे? त्या रस्त्याने रोज जाते की मी.

बाजू घेतली म्हणजे ती कायम धरून बसायची असंही नाही हां. कोणी उद्या डब्यातून चोखायचे आंबे आणले आणि तुम्ही कापूनवाल्या असलात तर एक चोखून बघा आणि पटलं तर सगळ्यांसमोर सांगा. त्यासारखं दुसरं सुख नाही समोरच्या पार्टीला.

उत्तर किती लांब

दोन स्टेशनं. स्लो गाडीत मुलुंड ते भांडुप, मध्ये नाहूर. एवढ्यात तुमचं म्हणणं, त्याचं कारण आणि एक छोटा किस्सा आरामात बसतो. फास्टला स्टेशनं लांब असतात म्हणून मोह होतो, पण ठाण्याला गर्दी आत येते तेव्हा कोणाचंच लक्ष नसतं, पर्स सांभाळायची, पाय आत घ्यायचे, उभ्या असलेल्यांच्या बॅगा वर टाकायच्या, त्यावेळी बोलायचं थांबा आणि गाडी सुटली की पुढे चालू करा. घाटकोपरला पण तसंच, मेट्रोवाल्या उतरतात, पाच मिनिटं हलकल्लोळ असतो.

सकाळी डोंबिवली ते दिवा आमच्याकडे शांतता असते, कोणी पोथी वाचतं, कोणी हनुमान चालीसा, कोणी नुसते डोळे मिटून. त्यावेळी कोणी प्रश्न टाकत नाही आणि टाकला तरी हळू आवाजात. संध्याकाळचं गणित वेगळं, तेव्हा हात कामात असतात, मटार सोलायचे असतात, मेथी निवडायची असते, त्यामुळे उत्तरं लांबली तरी चालतात, उलट लांबलेलीच बरी. "आज भाजी काय करणार?" हा संध्याकाळचा प्रश्न कमी समजू नका. त्याला "बघू" म्हणायचं नाही. "गवार आहे, पण मुलं खात नाहीत" म्हणा, लगेच चार जणी चार प्रकार सांगतील, कूट घाल, ओवा घाल, बटाट्यात लपव, आणि तुमची रात्रीची भाजी कल्याण साइडच्या गर्दीत ठरून जाईल.

उत्तराला शेपूट ठेवा

याच्यावर मी जास्त बोलणार कारण मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. उत्तर देऊन झालं की चेंडू पुढे द्यायचा, आणि ज्याला कोणी काही विचारलेलं नाही त्याच्याकडे द्यायचा. प्रत्येक ग्रुपमध्ये दोन तीन जणी जोरात बोलणाऱ्या असतात आणि एखादी दाराजवळच्या सीटवर, कोपऱ्यात, ऐकत हसणारी असते. "मी तर चहा आधी, आंघोळीआधी मला माणसात मोजूच नका. काकू, तुमच्याकडे?" एवढंच. काकूंना उत्तर द्यायचं नसेल तर त्या हात हलवून पुढे ढकलतील, काही बिघडत नाही, पण विचारलं गेलं हे त्यांच्या लक्षात राहतं.

उभ्या असलेल्यांनाही विचारा. सीट मिळालेल्यांचीच गप्पांची रांग असं फार ठिकाणी होतं, आणि उभी असलेली मुलगी वरची कडी धरून लोंबकळत चेहरा दुसरीकडे करून असते, पण ऐकत सगळं असते.

आमच्या डब्यात एक केरळी मैत्रीण आहे, एक गुजराती आहे, उत्तर प्रदेशची एक आहे. त्यांना उत्तर देताना मराठी अडलं तर मध्येच हिंदी येतं, मग आमचंही हिंदी सुरू होतं आणि त्याच्यात निम्मं मराठी असतं. ते तसंच चालू द्या. कोणी उत्तर देत असताना तिची वाक्यं दुरुस्त करायची नाहीत, ती गंमत सांगत असताना तर नाहीच नाही, कारण मग ती पुढच्या वेळी एका शब्दात उत्तर देते. नंतर तिने विचारलं तर जरूर सांगा.

ज्याला बरोबर उत्तर असतं असे प्रश्न

कधीकधी कोणीतरी क्विझ टाकतं. पहिली गाडी कधी सुटली, तिला किती इंजिनं होती? ज्यांना माहितीये त्या गप्प बसतात असं आमच्यात ठरलेलं आहे, आणि मोबाइल कोणी काढायचा नाही, निदान कुर्ला येईपर्यंत. सगळ्यांचे अंदाज ऐकायचे. एक जण एक म्हणते, एक जण दोन म्हणते, एक जण म्हणते तेव्हा इंजिन कुठलं, बैल असतील. मग सांगायचं, १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, चौदा डबे, इंजिनं तीन, त्यांची नावं साहिब, सिंध आणि सुलतान. उत्तर पहिल्याच सेकंदाला सांगून टाकणारी हुशार असते पण तिच्यामुळे सगळ्यांचा अर्धा तास जातो ना फुकट. हल्ली आमच्याकडे दादरचे प्लॅटफॉर्म विचारतात, २०२३ च्या डिसेंबरपासून दादरला दोन्ही लाइनचे नंबर सलग केले, तर सेंट्रलचा जुना एक नंबर आता किती? आठ. रोज तिथे उतरणाऱ्याही अडखळतात यात, कारण पायांना रस्ता पाठ असतो, पाटी कोण बघतं.

समजा प्रश्न

समजा कोटीची लॉटरी लागली. समजा एक दिवस कोणालाच दिसणार नाहीस. समजा गाडीला आपल्या मनासारखा एक जास्तीचा डबा लावायचाय, कसला लावशील? हे प्रश्न मला सगळ्यात आवडतात आणि नवीन मुली यांनाच सगळ्यात घाबरतात, काहीतरी भारी सुचलं पाहिजे असं वाटून.

करायचं असं, आधी जे खरं मनात येतं ते सांगायचं. लॉटरी लागली तर होम लोन फेडीन. चालेल, सगळ्याच जणी फेडणार आहेत. पण तिथे थांबू नका, त्याच्यामागे एक अगदी छोटी, बिनकामाची इच्छा जोडा. आमच्यातली एक म्हणाली होती, फर्स्ट क्लासचा पास काढीन आणि तरी सेकंडमध्येच येऊन बसेन तुमच्याजवळ, नुसता पर्समध्ये ठेवीन. दुसरी म्हणाली शनिवारी दुपारी रिकाम्या गाडीत हवेच्या खिडकीला बसून खोपोलीपर्यंत जाईन आणि तशीच परत येईन, उतरणारच नाही. होम लोन कोणाचं किती फिटलं ते कोणाच्या लक्षात नाही, खोपोली सगळ्यांच्या लक्षात आहे.

डब्याच्या प्रश्नाला तर काय काय उत्तरं आली, झोपायचा डबा, फक्त चहाचा डबा, सासूचा फोन न लागणारा डबा, आणि एक जण हळूच म्हणाली रडायचा डबा, जिथे कोणी विचारणार नाही काय झालं म्हणून. अशा वेळी हसायचं नाही आणि लगेच समजवायलाही जायचं नाही. आमच्यातल्या मोठ्या ताईंनी तिला नुसतं "मी येईन सोबत, मी पण विचारणार नाही" म्हटलं आणि गप्पा पुढे गेल्या. गंमतीच्या प्रश्नाला खरं उत्तर आलं की त्याची लाज वाटू द्यायची नाही, एवढं सगळ्यांनी मिळून सांभाळायचं.

बोचणारे प्रश्न

हे येतात, खोटं कशाला बोलू. "लग्न कधी?", "गोड बातमी?", "पगार किती गं?", "तुम्ही मासे खाता का?" असं विचारून आडनावावरून अंदाज बांधणं. विचारणारी कधीकधी मायेने विचारते, कधीकधी नाही. नवीन मुलीने काय करावं, तर पहिल्यांदा हलकं उत्तर देऊन वळवावं. लग्न कधी, तर "आपली गाडी सलग आठवडाभर वेळेवर आली की", सगळ्या हसतात आणि गाडी किती लेट होते यावर बोलायला लागतात, हा विषय डब्यात कधीच संपत नाही. परत विचारलं तर सरळ सांगा, "काकू, हा विषय नको." आवाज न चढवता, पण हसूनही नको, हसलात तर त्यांना वाटतं चालतंय. आणि तुम्ही ऐकणाऱ्यांत असाल तर तुमचं काम सोपं आहे, लगेच दुसरा प्रश्न टाका, कसलाही, "उद्याचा रंग कुठला हो?" टाका नवरात्र नसलं तरी.

तुम्ही स्वतः असले प्रश्न विचारू नका. ज्याचं उत्तर देताना कोणाला आधी विचार करायला लागेल की किती सांगू, तो प्रश्न डब्यात नको.

नवीन लग्न झालेलं असेल तर

उखाणा घ्यावा लागणार. यातून सुटका नाही, आणि मी तर म्हणते सुटका मागूच नका. हळदीकुंकवाला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी डबा सजवून पूजा करतात तेव्हा, किंवा कारण नसतानाही, "नाव घे" येतंच. लांबलचक, देवाधर्माचे पाठ केलेले उखाणे डब्यात ऐकू जात नाहीत, गाडीचा आवाज असतो. दोन ओळींचा, डब्यातलाच हवा. हा आमच्यात चालतो, तुम्ही घेतलात तरी हरकत नाही:

ठाणं गेलं, दादर आलं, उतरायची घाई,
अमुकरावांचं नाव घेते, सरका जरा ताई!

ज्यांना नवऱ्याचं नाव घ्यायचं नसेल किंवा नवरा नसेल त्यांनी आईचं घ्या, मैत्रिणीचं घ्या, आमच्यातल्या एकीने मोटरमनचं घेतलं होतं, त्या दिवशी गाडी चक्क टाइमवर होती.

दुसऱ्या दिवशी

काल कोणी काय उत्तर दिलं ते लक्षात ठेवा, एकीचं जरी ठेवलं तरी पुरे. "काल तू गवारीचं म्हणालीस ना, केलीस का ओवा घालून?" असं तुम्ही विचारलंत की तुम्ही नवीन राहत नाही. आणि उत्तरात जर काही आणायचं कबूल केलं असेल, आमच्या घरचं लोणचं खाऊन बघा वगैरे, तर आणा, कारण डबा वाट बघतो, खरंच बघतो. डब्यातलं उत्तर डब्यातच ठेवायचं हेही आहे, कोणाचा खोपोलीचा किस्सा तिच्या ऑफिसमधल्या माणसाला सांगायचा नाही, ओळखीचा निघाला तरी.

मग स्वतः प्रश्न टाकायला लागा

थोडे दिवस झाले की तुमची पाळी. पहिला प्रश्न खाण्याचा ठेवा, तो कधीच पडत नाही. साबुदाणा खिचडीत बटाटा की नको, वरणात गूळ की नको, बिस्कीट चहात किती वेळ बुडवायचं. मग मुंबईचे काढा, पहिल्या पावसात कुठलं स्टेशन सगळ्यात छान दिसतं, लालबागला जायचं तर करी रोडला उतरायचं की चिंचपोकळीला. यावर आमच्यात दोन कायमचे गट आहेत, चिंचपोकळीवाल्या म्हणतात आधी चिंतामणी बघायचा, तो १९२० पासूनचा आहे, लालबागचा राजा त्यानंतरचा, १९३४ चा, आणि करी रोडवाल्या म्हणतात रांग आधी धरा मग इतिहास सांगा. समजा प्रश्न शुक्रवारी संध्याकाळी टाका, सोमवारी सकाळी कोणाचं डोकं चालत नाही. आणि मोदक तुपाबरोबर की नारळाच्या दुधाबरोबर हा प्रश्न टाकायचा असेल तर गणपतीच्या आधीच्या आठवड्यात टाका, ऐन गणपतीत निम्मा डबा कोकणात गेलेला असतो आणि नारळाच्या दुधाच्या बाजूने बोलायला कोणी उरत नाही.